पहिल्या हाकेची चांदणी

शेणव्याच्या पोरांची हजेरी घ्यायची म्हणजे दगडावर डोकं आपटून घ्यायचं. मी म्हणायची, "कुणाली." कुणाली माझ्यासमोर मांडी घालून बसलेली, माझ्याकडे टकामका बघतेय, पण तोंडातून अवाक्षर नाही. "कुणाली!" तरी नाही, वर फिदीफिदी हसणं. "अगं कुणाली, जिवंत आहेस ना?" मग बाईसाहेब सावकाश, "ओ बाई." एका पोराचं एवढं, तर अख्ख्या वर्गाचं किती, तुम्हीच बघा. हजेरी होईपर्यंत वीज जायची.

माझं नाव नम्रता असलं तरी त्या नावाशी माझा काही संबंध नाही, हे आमच्या आसनगावात कुणीही सांगेल. पहिल्याच आठवड्यात मी एकाचा कान पिळला. दारात सोमी झाडू घेऊन उभी होती. ती खोली झाडायची नि माठ भरून ठेवायची. ती पुढे झाली.

"बाई, नका मारू त्याला. आमीच शिकवलाय तसा. तीन हाका झाल्याबगर ओ द्यायची नाय."

"का म्हणून?"

"मानूस तीनदा हाक मारतो. ते जे रानातलं असतं ना, त्याला एकदाच मारता येती. पयल्या हाकेला ज्यानं ओ दिली, तो गेला."

"कुठे गेला?"

"ते कुनाला ठाव? पन घरात ऱ्हात नाय."

असलं मीही लहानपणी ऐकलेलं होतं, पण रात्रीपुरतं. सकाळी अकरा वाजता भर उन्हात रानातलं कोण कशाला हाका मारत येईल? तसं सोमीला म्हटलं तर म्हणाली, "रानाला दिवस काय नि रात काय." मी कपाळावर हात मारला.

ही दोन हजार सालची गोष्ट. मुंबईच्या एका ट्रस्टने शेणव्याला समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर दिला होता आणि शिकवायला मला ठेवलं होतं. नवरा कल्याणला कामावर निघाला की मी शहापूर गाठायची आणि तिथून किन्हवलीची एसटी पकडायची. खोलीला पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, खिडकीबाहेर चिंच आणि मागे भाताची खाचरं. खोलीत फोन नव्हता. हे फोनचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खेळ आणला शेखरने. शेखर माझ्या नवऱ्याचा दोस्त, शहापूरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्या वर्षी जो तो नावामागे डॉट कॉम लावत होता, तशीच ही एक कंपनी होती, फळाखडू डॉट कॉम. तिचा हा पोरांना शिकवायचा खेळ, 'ताईची शाळा'. चकचकीत खोक्यात एक सीडी आणि कानाला लावायचा हेडफोन, त्याला तोंडापाशी येणारा माइक. सीडी घातली की पडद्यावर मोठं अंगण यायचं, अंगणात वडाचं झाड, झाडाखाली हिरव्या साडीतली ताई. ती पोराच्या नावाने हाक मारायची. पोराने माइकमध्ये "ओ" म्हटलं की वरून एक चांदणी पडायची आणि एक मूल येऊन वडाखाली आपल्याकडे पाठ करून बसायचं. मग ताई एकेक शब्द म्हणायची, पोराने तो तिच्यामागून म्हणायचा. उच्चार सुधारण्यासाठी होतं ते सगळं.

नावांची गंमत वेगळी होती. प्रत्येक पोराचं नाव शेखर दुकानातल्या फोनवरून कंपनीच्या साइटवर भरायचा. आठवड्याभराने मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओतल्या बाईच्या आवाजात ते नाव म्हटलेलं यायचं, ते तो फ्लॉपीत घालून मला द्यायचा. मग ताई अगदी "कुणाली" अशी, "साईनाथ" अशी हाक मारायची. आवाज इतका गोड नि स्वच्छ की पोरं पहिल्या दिवशी कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघून आली, बाई कुठे बसलीय ते.

आता अडचण ही की ताई हाक एकदाच मारायची. ओ आली नाही तर नुसती हसून बघत राहायची, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पोराचं नाव घ्यायची. इकडे आमची पोरं तिसऱ्या हाकेची वाट बघत तोंडं मिटून बसलेली. मी वैतागले. शेवटी माझ्याच पोराचं, भावेशचं, नाव शेखरकडून मागवलं, एका शनिवारी त्याला घेऊन आले आणि सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं.

भावेश तेव्हा सात वर्षांचा. पुढचा दात पडलेला, आणि विचार करायला लागला की त्या खिंडीतून हवा आत ओढायचा, स्स्स्, स्स्स्. त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. बाकी वळण बापावर. घरात तीन हाका मारल्याशिवाय हा जागचा हलला तर शपथ, आणि त्याला कुणी रानातल्याची भीती घातलेली नव्हती, शुद्ध आळस. पण खेळात चांदणी मिळणार म्हटल्यावर पठ्ठ्या सरसावून बसला. ताई म्हणाली, "भावेश." हा लगेच म्हणाला, "ओ!" चांदणी पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

झालं. एकाने दिली, मग दुसऱ्याने, मग रांग लागली. महिन्याभरात शेणव्याची पोरं पहिल्या हाकेला ओ द्यायला लागली, ताईलाही आणि मलाही. हजेरी झटक्यात व्हायची. बोलणंसुद्धा सुधारलं. 'नाय'चं 'नाही' झालं, 'आमी'चं 'आम्ही' झालं. ट्रस्टची माणसं आली, ती खूश होऊन गेली. घरी भावेशही बदलला होता. "भावेश" म्हटलं की "ओ आई" म्हणून समोर हजर. मी शेजारणींना सांगत सुटले, बघा, कॉम्प्युटरने माझं पोर कसं वळणावर आणलं ते.

सोमी तेवढी कुरकुरायची. "बाई, पोरं लवकर ओ द्याया लागली." मी म्हणायची, "मग बरंय ना गं. तुझा घसा वाचला."

पुढच्या वर्षी फळाखडू बुडाली. शेखरने शेवटची काही नावं पाठवली, ती आलीच नाहीत. साइट उघडेना, मुंबईचा फोन कुणी उचलेना. माझ्याकडे होती तेवढ्या नावांवर खेळ चालू राहिला. नवीन पोरांनी जुन्यांच्या नावावर खेळायचं, असा तोडगा मी काढला.

बाळी आली ती त्याच्याही पुढच्या वर्षी, भातं कापून झाल्यावर. बाळी म्हणजे सोमीची मुलगी, सहा वर्षांची. तोवर ती आजोळी टोकावड्याला वाढलेली. तिला वाचा नव्हती. कान मात्र तिखट, मागे पान पडलं तरी वळून बघायची. सोमीने तिला कल्याणच्या डॉक्टरला दाखवलं, म्हशाच्या जत्रेत नवस केला, एका वैदूची मुळी चाटवली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाळी टाळूला जीभ लावून टक् करायची. एकदा टक् म्हणजे पाणी किंवा भूक, दोनदा टक् टक् म्हणजे आई. शेतात कामाला वाकलेल्या बायांतून सोमी ते टक् टक् बरोबर ओळखायची आणि कंबर सरळ करून बघायची.

"सगळं कळतं गो तिला," सोमी मला म्हणायची. "माजं काय जास्ती मागनं नाय. एकदा आये म्हनावं तोंडानं. एकदाच. मग मेलं तरी चालंल."

मला तिचं वाईट वाटायचं. माझी जीभ तिखट आहे, काळीज नाही. मी बाळीला इतर पोरांच्या शेजारी बसवायला लागले. दुसऱ्याची पाळी असली की एक कान हेडफोनला लावून ती ऐकत राहायची.

एका दुपारी पोरं पाणी प्यायला बाहेर गेली होती आणि खुर्चीवर बाळी एकटीच हेडफोन घालून बसली होती. मी खिडकीशी डबा खात होते. एकदम तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी जवळ गेले. ताई नेहमीसारखी हसून बघत होती, वाट बघताना हसायची तशी.

दुसऱ्या दिवशी बाळीला बसवलं तेव्हा मी हेडफोनची पिन काढून ठेवली, म्हणजे आवाज स्पीकरमधून यावा. ताईने पदर सारखा केला, आणि म्हणाली, "बाळी."

स्वच्छ. तोच आवाज, तोच गोडवा.

मी काय वेडी आहे का लगेच घाबरायला? मी नावांचा फोल्डर उघडून बघितला. कुणाली होती, साईनाथ होता, पूजा होती, भावेश होता. बाळी नव्हती. संध्याकाळी शहापूरला उतरून शेखरला विचारलं.

"कंपनीने आधीच भरून ठेवली असतील काही नावं सीडीत," तो म्हणाला.

"बाळी? मुंबईच्या कंपनीने?"

"मग इंटरनेटवरून आलं असेल."

"शेखर, तिथे फोन तरी आहे का?"

त्याने डोकं खाजवलं. "वहिनी, चाललंय ना? मग चालू द्या. पोरगी खूश, तुम्ही खूश."

यावर मीही मान डोलावली. असेल सीडीतच कुठेतरी. माणसाला कुठल्या तरी उत्तराला टेकायला लागतं.

ताई रोज एकदा बाळीला हाक मारायला लागली. बाळी ओ देत नव्हती. बोलता येत नव्हतं हे एक, पण आईने शिकवल्याप्रमाणे तिसऱ्या हाकेची वाट बघत होती हेही मला दिसत होतं. सोमीने हाक मारली की तिसऱ्या हाकेलाच ती टक् टक् करायची. इथे मात्र ओठ हलायचे, गळ्याची शीर फुगायची आणि पोर तिथेच अडायची. मला वाटलं, अरे, ही बोलण्याच्या अगदी कडेला आलीय, नुसता धक्का हवाय.

मी सोमीला बोलावून दाखवलं. ताईच्या तोंडून लेकीचं नाव ऐकून तिने आधी हात जोडले. मग विचारलं, "किती हाका मारती ही?"

"एकच."

ती झाडूची काडी मोडत उभी राहिली.

"सोमी, डोकं ठिकाणावर ठेव. ही सीडी आहे. कुठल्याशा बाईने पगार घेऊन म्हटलेलं आहे ते. तुझ्या लेकीचे ओठ बघ ना जरा, हलतायत. अजून काय पाहिजे तुला?"

सोमीने बाळीच्या ओठांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मग ती लेकीच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दे ओ, बाय माजी. हिला दे. हिची गोष्ट येगळी."

"बाळी," ताई म्हणाली.

"ओ," बाळी म्हणाली.

चांदणी पडली. वडाखाली एक मूल येऊन पाठमोरं बसलं. सोमीने तोंडात पदर कोंबला आणि हमसून हमसून रडायला लागली. माझेही डोळे वाहत होते, लपवायचं कशाला. बाळी खुर्चीवरून उतरली, आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, रडू नकोस. मला पाणी हवं आहे."

सोमीने गावभर गूळ वाटला. तिचा नवरा देवराम भर रस्त्यात माझ्या पाया पडायला आला, मी मागे सरले म्हणून वाचले. बाळी बोलत होती. अडखळणं नाही, बोबडेपणा नाही. "आजी, तू जेवलीस का? बाबा, बैल कुठे बांधले आहेत?" गावातल्या बाया दारात उभ्या राहून ऐकायच्या. एक म्हणाली, "कलेक्टरीन झाली पोर." माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

सोमी मात्र आठ-पंधरा दिवसांनी उतरलेल्या तोंडाने यायला लागली. झाडून झालं तरी जायची नाही. मी म्हटलं, "आता काय झालं? बोलत नव्हती म्हणून रडत होतीस, बोलते म्हणून रडतेस?"

"आये म्हनत नाय ती. आई म्हनते."

"मग शिकली ना चांगलं."

"आमच्या घरात कोन म्हनतं आई? कुनाचं ऐकून म्हनते?" तिने माझ्याकडे पाहिलं. "टक् करत नाय आता. रातची माज्या अंगावर पाय टाकून निजायची, आता नीट हात बाजूला ठेवून निजते. मी हाक मारली की तोंडातून नाव पुरं पडायच्या आत ओ येते. मला भ्या वाटतं, बाई. ही माजी नाय."

"काहीतरी बरळू नकोस."

"मंग माजी कुठं हाय?"

मी चिडले. चिडले, कारण तो प्रश्न मला ऐकायचा नव्हता. म्हटलं, ये इकडे, तुझं भूतच उतरवते. कॉम्प्युटर चालू केला, खेळ लावला, तिच्या कानांवर हेडफोन घातला. म्हटलं, ऐक, काय आहे त्यात? एक बाई आहे, नुसता आवाज आहे.

सोमी ऐकत राहिली. मग तिने कंबर सरळ केली. शेतात करायची तशी.

मी तिच्या कानावरचा हेडफोन ओढून माझ्या कानाला लावला. ताई बोलत नव्हती. अंगणात शांतता होती, लांबवर कसलीशी कुजबुज. आणि त्यात, अगदी जवळ, टक् टक्.

त्या हेडफोनला माइक होता, हे मला ठाऊक होतं. खेळ पोरांचे आवाज साठवून ठेवायचा, हेही ठाऊक होतं. म्हणजे बाळीचा जुना आवाज राहून गेला असणार. मी साठवलेले आवाज शोधले, एकेक वाजवून बघितला. त्यात ते टक् टक् कुठेच नव्हतं. तेवढ्यात सोमीने माइकपाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "तहान लागली का गो?"

टक्. एकदाच.

साठवलेला आवाज विचारलेल्याचं उत्तर देत नाही. एवढं मलाही कळतं.

त्यानंतर सोमी रोज दुपारी येऊन बसायला लागली. हेडफोन लावायची आणि माइकमध्ये बोलायची. आज काय रांधलं, शेळी कधी व्याली, आजोळचे कसे आहेत. मधे थांबायची, ऐकायची, मान डोलवायची. आणि बाहेर चिंचेखाली बाळी इतर पोरांना गोष्ट सांगत असायची, ताईच्या स्वच्छ आवाजात. पोरंही तिला तशीच स्वच्छ उत्तरं द्यायची. मी खिडकीत उभी राहून एकदा आत बघायची, एकदा बाहेर.

एक दिवस सोमी म्हणाली, "हाक मारून आनते."

"कुणाला?"

"मानसानं मारायची तशी मारते. तीनदा."

मला सगळं एकदम दिसलं. मी म्हटलं, "सोमी, समज, आली. तर ती मुकी येईल. हे बोलणं जाईल. देवराम काय म्हणेल? गावाने गूळ खाल्लाय. आणि तूच तर म्हणत होतीस, एकदा आये म्हणू दे, मग मेलं तरी चालेल."

"म्हनत होते." तिने डोळे पुसले. "चुकलं माजं तोंड. मुकी तर मुकी. माजी हाय ती."

तिने दारातून बाळीला आत बोलावलं. बाळी येऊन उंबऱ्यावर उभी राहिली, हात बाजूला ठेवून. सोमी खुर्चीत बसली, हेडफोन नीट केला, माइक ओठांशी घेतला.

मी खिडकीशी सरकले.

"बाळी," सोमीने हाक मारली.

"ओ आई," मागून आवाज आला.

सोमीने मान वळवली नाही.

"बाळी."

"ओ आई. मी इथेच आहे." आवाज तसाच गोड. "आई, इकडे बघ ना. मी तुझ्या मागे आहे."

सोमीची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती. पडद्यावर ताई हसत नव्हती. ती कधी हसायची थांबली, ते मी पाहिलं नाही.

"आई, हाक मारू नकोस."

"बाळी गो!"

कुणीच ओ दिली नाही.

बाहेर चिंचेखालची पोरंसुद्धा गप्प झाली होती.

मग उंबऱ्यावरून आवाज आला. टक् टक्.

पोर धावत येऊन आईच्या अंगावर कोसळली, तिचे केस ओढायला लागली, तोंडाने अं अं करत, नाक गळत. सोमीने तिला अशी घट्ट धरली की मला वाटलं, गुदमरेल. दोघी रडत होत्या नि हसत होत्या. घरी जाताना सोमी तिला कडेवर घेऊन गेली, सहा वर्षांच्या घोडीला.

मी कॉम्प्युटर बंद करायला बसले. वडाखाली पाठमोऱ्या मुलांच्या रांगेत एक जागा रिकामी दिसत होती. बाकीची बसलेली होती. हेडफोन टेबलावर पडला होता. तो उचलून ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मी कानाला लावला.

कुजबुज होतीच. आता लक्ष देऊन ऐकल्यावर ती वेगवेगळी कळायला लागली. कुणीतरी नाक ओढत होतं. कुणीतरी खुदखुदत होतं, कुणाली हसायची तसं. कुणाचा तरी पाय जमिनीवर घासत होता. आणि त्यात कुणीतरी विचार करत असल्यासारखं, थांबून थांबून, हवा आत ओढत होतं.

स्स्स्. स्स्स्.

भावेशचा तो दात येऊन वर्ष होऊन गेलं होतं.

एसटीत मी स्वतःला शिव्या घालत आले. म्हटलं, नम्रता, खेडवळ बाईच्या नादाने तुझंही डोकं फिरलं. घरी आले तर भावेश गृहपाठ करत बसला होता, पाठ ताठ. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "भावेश."

"ओ आई."

"आज काय केलंस?"

"मी अभ्यास पूर्ण केला आहे, आई. तू दमलेली दिसतेस. पाणी आणू का?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. किती दिवसांत त्याने मला उलट उत्तर दिलं नव्हतं, किती दिवसांत मी त्याच्यावर ओरडले नव्हते, हे मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्याची शाळा बुडवली आणि त्याला घेऊन शेणव्याला निघाले. एसटीत त्याने एकदाही विचारलं नाही, कुठे चाललोय म्हणून. खोली उघडीच होती, किल्ली सोमीकडे असायची. तिने जमीन सारवली होती, अजून ओली होती. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलेलं. मी धावत जाऊन सीडीचा खण उघडला. रिकामा.

"सोमी! सीडी कुठाय?"

ती मागून बाळीला काखोटीला घेऊन आली. इतकी हसरी मी तिला कधी पाहिली नव्हती. "जाळली, बाई. सकाळीच चुलीत घातली. ते डोक्याला लावायचं पन घातलं. वास आला घानेरडा. पन जाऊ दे, आता कुना पोराला हाक मारायची नाय ती." तिने माझ्यापुढे हात केला, तळव्यावर गुळाचा खडा. "घ्या, बाई. तुमच्यामुळंच मिळाली मला माजी पोर."

मी गूळ घेतला. तोंडात टाकला. भावेश दारात उभा होता. बाळीने त्याच्याकडे पाहिलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

तरी मी कॉम्प्युटर लावला. सीडीशिवाय अंगण काही आलं नाही. माझ्या पिशवीत जादा म्हणून ठेवलेला दुसरा हेडफोन होता, तो जोडला आणि माइकमध्ये तीनदा हाक मारली, घसा फाटेपर्यंत. तिन्ही वेळा ओ आली. दारातून.

दुसरी सीडी शोधायला मी काही बाकी ठेवलं नाही. शेखरने कल्याणचं मार्केट पालथं घातलं. मुंबईत कंपनीच्या पत्त्यावर गेले, तिथे आता बुटांचं दुकान आहे. नवऱ्याला एकदा सांगायला गेले, तर म्हणाला, पोरगं आज्ञाधारक झालं म्हणून रडणारी तू पहिलीच आई. बाळी अजून मुकी आहे, मागच्या जत्रेत भेटली होती, मायलेकी बांगड्या भरत होत्या. सोमी गर्दीत मागे राहिली तर पोरीने टक् टक् केलं आणि सोमीने मान वळवली. मी तिथून दुसरीकडे गेले.

भावेश आता कॉलेजात आहे. वक्तृत्वाचे चषक ठेवायला कपाटात जागा नाही. लोक म्हणतात, काय वाणी आहे, नशीब काढलंत. मी बरं म्हणते. त्याला जेवण वाढते, त्याचे कपडे धुते. घरात कुणी नसलं की कधी कधी आरशापुढे दातांतून हवा ओढून बघते. जमत नाही मला, माझे दात सगळे आहेत.

काल दुपारी मी कणीक मळत होते. हात भरलेले, तेलाची बाटली वर फळीवर. त्याला बोलवावं, असं नुसतं मनात आलं. तोंड उघडलंसुद्धा नव्हतं.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "ओ आई."